लॉण्ड्रीपर्यंतची गाडी

तुमची गाडी कशी आहे, असं कोणी विचारलं की मी अगदी प्रामाणिकपणे सांगायचे, "लॉण्ड्रीपर्यंत उत्तम आहे."

आमचं घर टेकडीच्या माथ्यावरच्या कॉलनीत. खालचा मोठा रस्ता सोडला की पाण्याची टाकी लागते, टाकीनंतर चढ सुरू होतो, आणि जिथे तो सगळ्यात उभा होतो आणि वर पुन्हा वळतोही, नेमकी तिथेच लॉण्ड्री आहे. रस्ता आखणारा माणूस आयुष्यात एकदाही हातात पिशव्या घेऊन चढ चढला नसावा. आमची गाडी लॉण्ड्रीपर्यंत ऐटीत यायची आणि तिथे तिच्या अंगातलं त्राणच जायचं. इंजिनाचा आवाज चालू, दिवे चालू, रेडिओवरच्या बाई मजेत बोलतायत, फक्त गाडी तेवढी पुढे जात नाही. बाबा पायाने जोर देतायत, आणखी जोर देतायत, आणि गाडी आपली मला कोणी "अभ्यासाला बस" म्हटल्यावर मी जशी हलते तशी हलतेय.

मग बाबा हँडब्रेक ओढायचे, खाली उतरायचे आणि बॉनेट उघडून आत बघायचे. बाबा ग्रंथपाल आहेत. एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं असावं आणि आत्ता सापडेल, अशा नजरेने ते इंजिनाकडे बघत राहायचे. थोड्या वेळाने बॉनेट लावून परत आत बसायचे, गाडी सुरू करायचे, की गाडी भुर्रकन वर! जसं काही झालंच नव्हतं. आणि हे रोज झालं असतं तर निदान सवय तरी झाली असती. पण नाही. कधी लागोपाठ दोन दिवस, तर कधी आठवडाभर अगदी गुण्यागोविंदाने.

लॉण्ड्रीवाले काका आम्हाला इतके सरावले होते की आमचा हॉर्न ऐकूनच इस्त्री उभी करून ठेवायचे आणि बाहेर यायचे. एका हातात आईसाठी प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात चाकामागे लावायला वीट. पाण्याची बाटली बगलेत. ती वीट पुढे पुढे त्यांच्या दाराशीच ठेवलेली असायची. तिला सगळे "ग्रंथपालांची वीट" म्हणायला लागले होते.

"आज काय, दोन्ही वेळेला?" ते विचारायचे.

"आज दोन्ही वेळेला," बाबा ओशाळून म्हणायचे, आणि आई भर रस्त्यात त्या खुर्चीवर फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी बसायची.

आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास होता तर चालत जायचं. तेच तर! आईचे गुडघे चढ चढेनासे झाले म्हणून तर गाडी घेतली. आणि गाडी घेतली म्हणून बाबा पन्नाशीला गाडी शिकले. परीक्षेत एकदा नापास झाले, घरी येऊन चहा न पिता झोपले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लासला गेले. मला विचाराल तर यापेक्षा मोठं धाडस आमच्या घराण्यात कोणी केलेलं नाही. आणि या माणसाला आता सगळी कॉलनी काय म्हणत होती?

"गाडीला काही झालेलं नाही हो. ड्रायव्हर नवा आहे."

हे म्हणणारे मुख्यतः खालचे काका. म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्यामुळे गाड्यांबद्दलची त्यांची मतं अगदी ताजी, न वापरलेली आहेत. आधी त्यांचं म्हणणं होतं की पेट्रोलमध्ये पाणी आहे. मग म्हणाले, गाडीच्या वयाचा प्रश्न आहे. मग म्हणाले, रंगाचा. (गडद रंगाच्या गाड्या तापतात आणि तापल्या की दमतात.) शेवटी त्यांनी सगळ्या शक्यता एकेक करून बाजूला सारल्या आणि उरले बाबा.

बाबांनी ते जिन्यात ऐकलं. त्या संध्याकाळी जेवताना म्हणाले, "शोरूमला शेवटचं एकदा दाखवू. या वेळीही ते 'दोष नाही' म्हणाले, तर गाडी विकून टाकू. मला नाही जमत, असं दिसतंय."

आईने नुसतं ताटाकडे बघितलं. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. त्याचं कारण सांगते, थोडक्यात. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात "बाई, पाणी प्यायला जाऊ का" हेसुद्धा मैत्रिणीकडून विचारून घेणारी मुलगी होते. यंदा मी वादविवाद स्पर्धेत पहिली आले. मधल्या काळात काय झालं? तर वाचनालय बंद झालं की बाबा मला रिकाम्या टेबलांसमोर उभं करायचे, स्वतः सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसायचे आणि म्हणायचे, "इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे." एवढंच. चुका नाही काढल्या, टाळ्या नाही वाजवल्या. महिनाभर मागे बसून "आलं नाही" आणि "आलं" एवढंच म्हणत राहिले. अशा माणसाने "मला नाही जमत" म्हणायचं आणि मी भाजी वाढून घ्यायची? शक्यच नाही.

शोरूमचं आत्तापर्यंत काय झालं होतं तेही ऐका. पहिल्या खेपेला त्यांनी गाडीला कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणाला, कोड येत नाही. कोड नाही म्हणजे दोष नाही. दुसऱ्या खेपेला ट्रायल घेतली, म्हणजे गेटातून बाहेर, गोल वळसा, गेटातून आत. गाडी मस्त आहे, म्हणाले. तिसऱ्या खेपेला दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी अत्तर मारून परत दिली. दुसऱ्या दिवशी बाबांना फोन. पलीकडची मुलगी विचारत होती, "सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?"

फोन आला तेव्हा गाडी लॉण्ड्रीपाशी बंद पडलेली होती. आई खुर्चीवर होती. चाकामागे वीट होती. आणि बाबा म्हणाले, "दहा."

"बाबा!" मी किंचाळले.

"अगं, आवाजावरून दमलेली वाटली," बाबा म्हणाले.

तर आता चौथी आणि शेवटची खेप. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे नेहमीची तयारी सुरू झाली. आमची आई कामवाल्या बाई यायच्या आधी घर झाडून ठेवते, कारण "त्या काय म्हणतील." डॉक्टरकडे जाताना मला न्हाऊ घालून, पावडर लावून नेते, आणि मग डॉक्टर विचारतात, नक्की कोण आजारी आहे? तर शोरूमला जाताना गाडीचंही तेच. बाबा बादली घेऊन गाडी धुवायचे आणि आई आतलं सगळं बाहेर काढायची. सीटवरचे टॉवेल, कमरेची उशी, दोन छत्र्या, टिश्यूचा डबा, मागच्या खिशातली वर्तमानपत्रं, आणि बाबांच्या पायाखालचं जाजम. हे जाजम आईने माझ्या जुन्या गणवेशांच्या पट्ट्या कापून, त्यांच्या वेण्या घालून केलेलं आहे. माझी पाचवी ते आठवी त्यात आहे. ते तर आधी निघायचं, कारण "त्यांचे ते ऑइलचे बूट!"

त्या संध्याकाळी आई दोन्ही हातांत हा संसार घेऊन जिना चढत होती आणि मी वरून बघत होते. खाली बाबांनी चकचकीत केलेली रिकामी गाडी उभी होती. मला वाटलं, कोणाची आहे ही?

आणि मला एकदम उमजलं.

"थांब!" मी जिन्यात दोन्ही हात पसरून उभी राहिले. "आई, एक पायरीही वर चढू नकोस. शोरूमला जाते ती आपली गाडीच नसते! आपली गाडी चढ चढते तेव्हा तिच्यात आपण तिघं असतो, छत्र्या असतात, उशी असते, भाजी असते. आणि शोरूमला जाते कोण? नटूनथटून, एकटी, रिकाम्या पोटी! ती कशाला बंद पडेल? उद्या गाडी आहे तशी न्यायची. एक कागद इकडचा तिकडे करायचा नाही."

"हे सगळं ठेवून? लोकांसमोर?" आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आणि जाजम?"

"जाजमसुद्धा."

"अगं, ते बूट…"

"आई, आजारी माणसाला आजारी असतानाच दाखवतात."

बाबा बादली घेऊन खालून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "आलं ऐकू."

माझं अनुमान वजनाचं होतं, हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे त्याची थोडी फजिती आहे. गाडीला आमचं वजन पेलत नाही, असा माझा पक्का सिद्धांत होता. म्हणून वजनात भर म्हणून आणि साक्षीदार म्हणून मी खालच्या काकांनाही बोलावलं. ते लगेच आले. जेवणाचा डबा घेऊन आले.

शोरूममध्ये काउंटरवर एक ताई होत्या. गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. त्यांनी आमचा नंबर घातला आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची तक्रार बंद झालेली आहे."

"पण गाडी दुरुस्त झाली नाही," बाबा म्हणाले.

"तुम्ही दहा गुण दिलेत, काका. दहा दिले की तक्रार आपोआप बंद होते."

"मग नवी लिहून घ्या ना," आई म्हणाली.

"तीच तक्रार नव्याने घेता येत नाही. जुनी उघडावी लागते. जुनी उघडायला तिच्यात दोष सापडलेला असावा लागतो."

"आणि दोष?"

"सापडला नाही म्हणून तर बंद केली."

खालचे काका कौतुकाने म्हणाले, "वा! पक्कं काम आहे."

इथे मला बोलावंच लागलं. पण सवय वाईट असते. मी उभी राहिले, श्वास घेतला आणि तोंडातून निघालं, "सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक आणि माझ्या सुजाण श्रोत्यांनो…" कॉफीच्या मशीनपाशी बसलेली सगळी माणसं वळली. आता मागे फिरणं शक्य नव्हतं, तेव्हा मी पुढेच गेले. गाडी कशी नटून येते, चढ कसा आहे, खुर्ची, वीट, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आमची एकच मागणी आहे. आमच्यासकट ही गाडी आमच्या चढावर चालवून बघा!" कॉफीवाल्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं, ते गाडी घ्यायला आलेच नव्हते. त्यांना तिथला एसी आवडतो.

"ट्रायलचा रस्ता ठरलेला आहे," ताई म्हणाल्या. "गेटातून बाहेर, वळसा, आत. चढावर न्यायची परवानगी नाही."

"परवानगी कोण देतं?"

"मॅनेजर."

"ते कुठे आहेत?"

"ट्रायलवर."

मी पुन्हा श्वास घेतला, पण तेवढ्यात बाबाच पुढे झाले. हळूच म्हणाले, "राहू दे गं. त्यांचा तरी काय इलाज? ताई, तुम्हाला उगाच त्रास झाला. गाडीचं काही नसेल. माझंच चुकत असणार काहीतरी." आणि त्यांनी काउंटरवरची किल्ली उचलायला हात पुढे केला. त्या किल्लीला बाबांनी लायब्ररीतला जुना पितळी बिल्ला लावलाय. तो काउंटरवर जरा वाजला.

ताईंनी किल्लीवर हात ठेवला. बाबांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"माझी जेवणाची सुट्टी झाली," त्या म्हणाल्या. "सुट्टीत मी कुठे जाते ते मला कोणी विचारत नाही. चला."

मला त्या क्षणी त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. ओळखपत्र मध्ये होतं म्हणून राहिले.

ताई स्टिअरिंगला. शेजारी खालचे काका मांडीवर डबा घेऊन. मागे आम्ही तिघं, छत्र्या आणि उशी. पाण्याची टाकी गेली, चढ लागला, माझे दोन्ही हात घट्ट आवळलेले. लॉण्ड्री आली. आणि गाडी तुरुतुरु वर निघून गेली.

शी! कुठलीही गाडी चढ चढल्याचं इतकं दुःख आजवर कोणाला झालं नसेल. आई पुटपुटली, "मेली बरोबर वेळ साधते." बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. खालचे काका म्हणाले, "बघा, हात बसलेला असला की—"

"काका, डबा सांभाळा," ताई म्हणाल्या. "आणखी एक फेरी मारते. या वेळी जरा जोरात."

गाडी वळली, खाली गेली, पुन्हा वर निघाली. ताईंनी पाय चांगलाच दाबला. टाकी, चढ, लॉण्ड्री… आणि गाडीतलं त्राण गेलं! तस्सं! अगदी तस्सं! रेडिओवरच्या बाईसुद्धा बोलत राहिल्या!

आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. आईने तर मला जवळच घेतलं. ताई पाय दाबतायत, आणखी दाबतायत, गाडी ढिम्म. आणि मग ढिम्मही नाही. मागे! आमची गाडी हळूहळू मागे सरकायला लागली, आणि मागे पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत येत होता. खालच्या काकांनी डबा छातीशी धरून डोळे मिटले.

"ब्रेक दाबा! हँडब्रेक ओढा! स्टिअरिंग सरळ धरा!"

हा आवाज कोणाचा, हे मला आधी कळेचना. बाबांचा होता. आयुष्यात पहिल्यांदा बाबांचा आवाज सगळ्यात मागच्या खुर्चीवरून सगळ्यात पुढच्या खुर्चीपर्यंत पोचला होता. ताईंनी ऐकलं, तसंच केलं, आणि गाडी थांबली.

लॉण्ड्रीवाले काका वीट आणि खुर्ची घेऊन हजर. आत बघून म्हणाले, "आज ड्रायव्हर बदलला तरी?"

"तरी!" आई अभिमानाने म्हणाली.

पण ताई आपल्या पायांकडे बघत होत्या. मग वाकल्या, ॲक्सिलरेटरच्या खाली हात घातला आणि काहीतरी जोर लावून ओढून काढलं. दुमडलेलं, फुगलेलं, वेण्यांचं. माझी पाचवी ते आठवी.

आई मागून वाकून बघायला लागली.

"ते माझं आहे," आई बारीक आवाजात म्हणाली.

मग सगळं उलगडलं. चढावर जोर द्यायला गेलं की टाच जाजमाला पुढे रेटायची. ते दुमडून पॅडलखाली जाऊन बसायचं. जितका जोर द्यावा तितकं घट्ट. बाबा इंजिन बघायला उतरायचे तेव्हा त्यांच्याच बुटाने ते मागे ओढलं जायचं, आणि गाडी बरी. आणि शोरूमला जाताना? ते तर घरी, स्वच्छ, घडी घालून कपाटात. कोड कुठून येणार? गाडी आहे तशी नेण्याचा माझा हुकूम बरोबर होता. वजनाचा सिद्धांत मात्र आम्ही पुन्हा कधी काढला नाही.

"मी म्हणतच होतो," खालचे काका डोळे उघडून म्हणाले. काय म्हणत होते, ते अजून कळलेलं नाही.

"ह्यांच्या पायांना घाम येतो," आई म्हणाली. "नवीन नवीन चालवत होते. पाय घसरू नये म्हणून केलं हो मी." तिचा आवाज ऐकून मला एकदम रडूच आलं, आणि त्याच वेळी हसूही, त्यामुळे तोंडातून भलताच आवाज निघाला.

"म्हणजे चूक आमच्याच घरची," बाबा म्हणाले. "माफ करा, ताई. तुमची सुट्टी वाया घालवली."

ताईंनी मान हलवली. पायाशी चाचपून बघितलं. "काका, इथे दोन हुक असतात, मॅट सरकू नये म्हणून. या गाडीत ते नाहीतच. गाडी देताना आम्हीच बसवायला विसरलो. हुक असते तर त्यांत मॅट पक्की बसली असती आणि हे जाजम घालायची वेळच आली नसती." मग त्या बाबांकडे वळल्या. "आणि हे असं पॅडल अडकून तुमची गाडी इथे कितीदा थांबली?"

"पुष्कळदा," लॉण्ड्रीवाल्या काकांनीच उत्तर दिलं.

"कधी मागे सरकली?"

लॉण्ड्रीवाले काका हसले. "ही वीट मी नुसती मनाच्या समाधानाला आणतो. चाक कधी तिला टेकलेलं नाही. आज पहिल्यांदा टेकलं."

"मी रोज गाड्या चालवते," ताई बाबांना म्हणाल्या. "माझी मागे गेली. तुमची नाही गेली. नवा ड्रायव्हर कोण म्हणतं तुम्हाला?"

खालच्या काकांनी डबा उघडला आणि पहिला घास ताईंना दिला. त्यांच्याकडे माफी मागायची पद्धत तीच असावी.

त्याच दुपारी ताईंनी हुक बसवून, नवी मॅट घालून दिली. आमची तक्रार उघडता येईना, म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाने नवीच तक्रार केली. शोरूमने शोरूमविरुद्ध केलेली बहुधा ती पहिलीच असेल.

चार दिवसांनी आम्ही बाजारातून परत येत होतो. टाकी गेली, चढ लागला, आणि लॉण्ड्रीपाशी गाडी थांबली. लॉण्ड्रीवाले काका खुर्ची आणि वीट घेऊन धावले.

"पुन्हा? आता काय झालं?"

"काही झालं नाही," बाबा खाली उतरून म्हणाले. "तेच सांगायला थांबलो."

आईने पिशवीतून जाजम काढलं. दोन्ही बाजूंनी धुतलेलं होतं. "दिवसभर फरशीवर उभं राहून इस्त्री करता," ती म्हणाली. "पायाखाली घाला. इथे काही अडकायचं नाही." काकांनी ते टेबलाखाली अंथरलं, त्यावर उभे राहिले, जरा वरखाली होऊन बघितलं. म्हणाले, "बाई, हे तर गादीसारखं आहे." मग त्यांना काय करावं सुचेना. सवयीने त्यांनी आईला खुर्ची दिली, आणि आईही सवयीने बसली.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला.

"सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? आणि गाडी आता कशी आहे?"

बाबांनी चढाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, खुर्चीवरच्या आईकडे बघितलं. "गाडी लॉण्ड्रीपाशी उभी आहे," ते म्हणाले. "दहा. काउंटरवरच्या ताईंना निराळे दहा. तशी सोय नसेल तर करून घ्या."

आम्ही गाडीत बसलो. मागे पुन्हा तोच टँकर येऊन थांबला होता आणि हॉर्न वाजवत होता. ऐन चढ, पुढे वळण. बाबांनी घाई केली नाही. हँडब्रेक सोडला, आणि गाडी बोटभरही मागे न येता वर निघाली.

मागच्या सीटवरून मी म्हणाले, "आलं."